राखणदाराचा मान

वर्गात पेपर तपासताना बरोबर उत्तरांवरून कॉपी पकडता येत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असणार. कॉपी पकडली जाते ती चुकीवरून. पानिपतची लढाई पाच जणांनी १७६१ साली लिहिली तर काही बिघडत नाही, पण ओळीने बसलेल्या पाच जणांनी १७१६ लिहिली, की मास्तर चष्मा पुसून कोण कोणाच्या मागे बसतं ते आठवायला लागतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली (१९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला संपलं), तिथल्या पंडितांनीही शेकडो पोथ्या समोर मांडून काहीसं असंच केलं. एकच वेगळा पाठ, एकच वाढीव श्लोक कुठल्या कुठल्या पोथ्यांत सापडतो ते बघायचं, म्हणजे पोथ्यांची नातीगोती कळतात.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे व्हिडिओ गेम. हसू नका! आमच्याकडे नातवंडं खेळतात आणि मी शेजारी खुर्ची टाकून बघते. माझी बोटं आता तेवढी चालत नाहीत, पण डोळे चालतात. बघता बघता लक्षात आलं की जादूच्या, तलवारींच्या, राजा-राक्षसाच्या गोष्टीचा गेम कोणताही लावा, अमेरिकेचा लावा नाहीतर जपानचा, गुहेत शिरलं की तीच मंडळी भेटतात. तोच चालता सांगाडा, तोच लिबलिबीत गोळा, तोच बैलाच्या तोंडाचा कुऱ्हाडवाला, आणि शेवटच्या दालनात सोन्यावर बसलेला ड्रॅगन. सुरुवातीला वाटलं, असेल, सगळ्या जगाची भुतं सारखीच असतील. मग चुका दिसायला लागल्या, आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

ऑर्कचंच घ्या. टोल्किन या इंग्रज प्राध्यापकाच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) ऑर्क आहेत, पण त्यांना डुकराचं तोंड असल्याचं त्याने कुठे लिहिलेलं नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. त्याला कॉम्प्युटर लागत नाही. चार जणांनी टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्ट रचत जायची. १९७७ मध्ये त्या खेळाचं 'मॉन्स्टर मॅन्युअल' निघालं, राक्षसांचा कोशच म्हणा ना. त्यातल्या चित्रात ऑर्कला डुकराचं तोंड आलं, आणि ते जपानने असं काही उचललं की तिथल्या कित्येक गेममध्ये ऑर्क म्हणजे आजही दोन पायांवर चालणारं डुक्कर. तिकडे इंग्लंडमध्ये 'वॉरहॅमर' या खेळात ऑर्क हिरवे झाले. १९९४ मध्ये 'वॉरक्राफ्ट' आला त्यातलेही हिरवेच. म्हणजे ऑर्क डुकरासारखा दिसला तर एका बाकावरची कॉपी आणि हिरवा दिसला तर दुसऱ्या बाकावरची, इतकं सोपं आहे.

कोबोल्डची कथा तर मला फारच आवडली. हा मूळचा जर्मन. घरात किंवा खाणीत राहणारा, खोड्या काढणारा, मान राखला तर मदत करणारा एक बुटका. जर्मनीतल्या खाणकामगारांना एक खनिज फार छळायचं. भट्टीत घातलं की हवा तो धातू मिळत नसे आणि वर विषारी धूर निघे. खापर फुटलं कोबोल्डवर. पुढे त्या खनिजातून नवा धातू सापडला तेव्हा नाव पडलं कोबाल्ट. (विज्ञानाच्या बाईंनी हे मला कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो आम्ही!) तर हा खाणीतला बुटका अमेरिकन कोशात शिरला आणि त्याच्या चित्रातलं तोंड कुत्र्यासारखं दिसलं. जपानी गेममध्ये तो कुत्र्याच्या तोंडाचाच राहिला. अमेरिकेत मात्र २००० सालच्या नव्या आवृत्तीत तो सरड्यासारखा होऊन ड्रॅगनचा दूरचा नातेवाईक बनला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये (२००४) तो उंदरासारखा आहे, डोक्यावर मेणबत्ती लावून खाणीत खणत असतो आणि आपली मेणबत्ती कोणी नेऊ नये एवढीच त्याची विनवणी. चेहरा साफ चुकलेला, पण त्यातल्या त्यात हाच मूळ जर्मन बुटक्याच्या जवळचा. तो कुठे राहतो आणि त्याला काय हवं, हे तरी कुणीतरी लक्षात ठेवलं.

लिबलिबीत गोळ्याचं नाव स्लाइम. 'विझर्ड्री' हा १९८१ चा अमेरिकन गेम जपानमध्ये फार लोकप्रिय झाला, त्यात तो होता. तो बघून युजी होरी यांना आपल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये (१९८६) स्लाइम हवासा वाटला. त्यांनी काढून दिलेला कच्चा ढीग अकिरा तोरियामा या चित्रकाराने पाण्याच्या थेंबासारखा केला, त्याला दोन गोल डोळे नि रुंद हसू दिलं. किळसवाण्या चिखलाचं खेळणं झालं! तोरियामा २०२४ मध्ये गेले, पण तो थेंब हसतोच आहे. घुबडाचं तोंड आणि अस्वलाचं अंग असलेला 'आउलबेअर' तर २०२३ च्या 'बाल्डर्स गेट ३' मध्येही भेटतो. त्याचं पुराण कुठलं म्हणून शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. गायगॅक्सने हाँगकाँगची बनावट असलेली स्वस्तातली प्लास्टिकची खेळणी आणली होती. त्यातल्या ओळखू न येणाऱ्या प्राण्यांना नावं दिली, तेव्हा हा जन्मला. एखाद्या अनामिक कारागिराचा साचा वेडावाकडा निघाला आणि अर्धं शतक त्याचा राक्षस नांदतो आहे.

आता कोणी म्हणेल, ही सगळी चोरी. कायद्यानेही एकदा तसं म्हणून झालंय. टोल्किनच्या पुस्तकांचे हक्क असणाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर १९७७ च्या सुमारास 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मधल्या हॉबिटचा हाफलिंग झाला, चालत्या झाडाचा, म्हणजे एंटचा, ट्रीएंट झाला आणि बॅलरॉगचा बॅलोर. नाव बदललं, माणूस तोच. मला विचाराल तर या चोरीच्या आरोपात फारसा दम नाही. स्वतः टोल्किनने ड्रॅगन कुठून आणला? 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यातून, ज्याचा तो जाणकार अभ्यासक होता. गोष्ट हातोहात जाते आणि प्रत्येक हाताचा तिला डाग लागतो. आपल्याकडेही रामायण काही एकच नाही.

पण आपलं स्वतःचं नाव त्या यादीत दिसलं की मात्र पोटात कालवतं, हे कबूल करायला हवं.

'फायनल फँटसी' या जपानी गेमच्या तिसऱ्या भागात (१९९०) शिवा म्हणून हाक मारली की एक बर्फाची बाई येते. होय, बाई. निळसर कांती, आणि शत्रूला गोठवणं हे काम. तेव्हापासून आजतागायत ती आहे, २०२३ च्या सोळाव्या भागातही आहे, आणि तिथेच गरुड नावाची वाऱ्याची देवताही बाईच्याच रूपात आहे. असुर म्हणाल तर 'गिल्ड वॉर्स'मध्ये ते मोठ्या कानांचे, बुटके, भयंकर हुशार यंत्रकार आहेत. नाग 'वॉरक्राफ्ट'मध्ये समुद्रात बुडालेल्या एल्फांचे वंशज. आणि राक्षस? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा राक्षस वाघाच्या तोंडाचा, उंची कपडे घालून पाइप ओढत बसणारा, आणि त्याचे तळवे उलटे. आपल्याकडे उलटी पावलं असतात ती हडळीची. पण हा वाघोबा वाल्मीकीकडून आलेलाच नाही. १९७४ साली अमेरिकन टीव्हीवर 'कोलचॅक' नावाची मालिका होती. तिच्या एका भागात शिकागोमधल्या म्हाताऱ्या माणसांच्या वस्तीत एक राक्षस शिरतो, ज्याच्यावर तुमचा विश्वास त्याचंच रूप घेऊन तुमच्यासमोर येतो, आणि मंत्रवलेल्या बाणाने मरतो. गायगॅक्सने आपला राक्षस त्या मालिकेवरून घेतला. गंमत अशी की मालिकेच्या लेखकाने एक गोष्ट नेमकी उचलली होती. विश्वासाचं रूप घेऊन येणं. भिक्षा मागायला आलेला रावण तोच, आणि सोन्याचा मारीचही तोच. तोंड वाघाचं झालं, पण मुद्दा शाबूत राहिला.

बर्फाच्या शिवाबद्दल मला तेवढं म्हणता येत नाही. तिथे नावाखेरीज काहीच आलेलं नाही.

यावर रागावणारे आहेत. २०१२ मध्ये 'स्माइट' नावाच्या गेममधल्या कालीच्या चित्रणाला अमेरिकेतल्या एका हिंदू संघटनेने हरकत घेतली होती. राग मी समजू शकते. पण हा मार फक्त आपल्यालाच बसलेला नाही, हेही बघा. बहामूत हा अरबी विश्वकल्पनेतला प्रचंड मासा, साऱ्या पृथ्वीचा भार ज्याच्यावर आहे असा. आपल्या शेषाच्या, कूर्माच्या पंगतीतला. तो अमेरिकन कोशात ड्रॅगनांचा राजा झाला आणि तिथून 'फायनल फँटसी'त पोचला. त्याचं नाव मुळात हिब्रू बहेमोथवरून आलेलं. पण 'फायनल फँटसी'त बहेमोथ म्हणून वेगळाच एक शिंगाळा पशू आहे! एकाच माणसाची दोन रेशनकार्डं. तियामत ही बाबिलोनची आदिमाता, खारा समुद्रच तो. तिची पाच डोक्यांची ड्रॅगन करून टाकली. अरबांनी, यहुद्यांनी, इराकमधल्यांनी रांगेत उभं राहावं आणि मागे आपण. तेव्हा अपमान झाला म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. हरवलं काय, ते तरी नीट सांगितलं पाहिजे.

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिथे प्रत्येक जागेला राखणदार असतो. विहिरीला असतो, आंब्याच्या बागेला असतो, पाणंदीच्या वळणाला असतो. जागेत काही नवं करायचं तर त्याला नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, 'होय महाराजा' म्हणायचं. आमच्याजवळच आरवलीचा वेतोबा आहे. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. त्या झिजतात असं लोक सांगतात. झिजतात की नाही हा वाद आपण नको घालूया. मला सांगायचंय ते एवढंच की हा वेताळच आहे, भुतांचा राजा, दिसायला भयंकर, पण त्याच्याशी कसं वागायचं ते ठरलेलं आहे. त्याचा मान आहे, आपलं काम आहे.

गुहेतल्या शेवटच्या दालनात जो बॉस बसलेला असतो ना, तो राखणदारच आहे. फक्त त्याचा मान कोणीतरी काढून घेतला आहे.

जुन्या गोष्टींतल्या राक्षसांकडे बघा. बकासुराचा एकचक्रा नगरीशी करार होता, रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस. ग्रीकांच्या मिनोटॉरला अथेन्सहून सात मुलगे नि सात मुली पाठवाव्या लागत. एकाच्या तोंडाचा दुसऱ्याच्या तोंडाशी काही संबंध नाही, पण करार ऐकला की लगेच कळतं, अरे, हे तर सख्खे भाऊ! तळ्यावरचा यक्ष म्हणतो, आधी उत्तर दे मग पाणी पी. वेताळ म्हणतो, बोललास की मी निघालो. (चांदोबा वाचून वाढलेल्यांना पुढचं सांगायला नको.) बेओवुल्फमधला ड्रॅगन शेकडो वर्षं गप्प पडून होता, त्याच्या ठेव्यातला एक पेला कोणी उचलला तेव्हा तो उठला. आपल्याकडे पुरलेल्या धनावर नाग बसतो तोही तसाच, हात लावेपर्यंत काही करत नाही. गोष्टींतले राक्षस अटीवरून एकमेकांचे नातेवाईक ठरतात. गेममधले ठरतात ते चेहऱ्यावरून. बैलाच्या तोंडाचा मिनोटॉर शंभर गेममध्ये आहे, पण खंडणीचं कोणी बोलत नाही.

असं का झालं असावं, याचा मी थोडा विचार केला आहे. पहिलं कारण तो कोशच. 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये प्रत्येक प्राण्यामागे एक तक्ता आहे. किती संख्येने सापडतो, चिलखत किती, मार किती सोसतो, बिळात असण्याची शक्यता किती टक्के, खजिना कुठल्या प्रकारचा. आता कोबोल्डचा रुसवा कुठल्या रकान्यात लिहिणार? रकान्यात जे मावलं नाही ते गळलं. (शाळेच्या प्रगतिपुस्तकातही हेच व्हायचं, पण तो वेगळा विषय.) दुसरं कारण जागेचं. 'ड्रॅगन क्वेस्ट' हा अख्खा गेम ६४ केबीमध्ये बसवलेला होता. आज एक फोटो त्यात मावत नाही. एका स्लाइमचा रंग बदलून दुसरा स्लाइम करायचा, तोच सापळा लाल करून जास्त बळकट करायचा, असं करून जग भरायचं. त्या काळात कोण कोणाला गाऱ्हाणं घालत बसणार? तिसरं कारण आपण खेळणारे. नातू स्पष्टच म्हणाला, 'आजी, तीनशे सांगाड्यांशी बोलत बसलो तर गेम संपणारच नाही.' त्याचंही खरं आहे. खर-दूषणांबरोबर चौदा हजार राक्षस होते म्हणतात, त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

पण जागा आता वाढली, तक्तेही बदलता येतात, आणि काही जणांनी ते बदलले आहेत. म्हणून तर हा लेख लिहावासा वाटला, नाहीतर नुसती कुरकूर करायला मला आवडत नाही.

'शॅडो ऑफ द कोलोसस' हा २००५ चा जपानी गेम. फुमितो उएदा त्याचे दिग्दर्शक. एक तरुण मेलेल्या मुलीला परत जिवंत करायला म्हणून एका निर्मनुष्य देशात येतो. तिथे सोळा अवाढव्य आकृती आहेत. कोणी तळ्यात, कोणी वाळवंटात, कोणी पडक्या गढीत. एवढ्या मोठ्या मुलखात दुसरा शत्रूच नाही. त्या सोळा जणांनी त्याचं काही बिघडवलेलंही नाही. त्यांतले बरेच जण तो येईपर्यंत आपापल्या जागी नुसते असतात. तो एकेकाच्या अंगावर केसाला धरून चढतो आणि वर्मी तलवार खुपसतो. प्रत्येक वेळी संगीत विजयाचं न वाजता मयताचं वाजतं, आणि त्या पोराचा चेहरा पांढरा, मळका होत जातो. नात खेळत होती. पाचवा की सहावा पडल्यावर तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, 'हा तर त्याच्या घरातच होता.' मी काही बोलले नाही. कोकणातल्या कुठल्याही म्हातारीने हेच म्हटलं असतं, की न विचारता शिरलास बाबा, आता निस्तर.

दुसरा 'शिन मेगामी तेन्सेई'. १९८७ पासूनची मालिका, या नावाचा पहिला गेम १९९२ चा. जगातल्या सगळ्या धर्मांचे देव आणि दैत्य त्यात एकत्र आणून बसवले आहेत, आणि आपली मंडळीही भरपूर. इथला शिव निदान शिव दिसतो. मात्र काही भागांत तो मिळवायचा तर बालीच्या रंगदा आणि बारोंग या जोडीचं मिश्रण करावं लागतं, हे वाचून मी दोन मिनिटं तशीच बसले. देवांची कोशिंबीरच की! पण याच मालिकेत एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी मी बाकी सगळं माफ करीन. समोर आलेल्या भुताशी बोलता येतं. ते पैसे मागतं, काहीतरी वस्तू मागतं, आडवेतिडवे प्रश्न विचारतं, खूश झालं तर बरोबर येतं, कधी पैसे घेऊन पळूनही जातं. आणि पौर्णिमेला त्यांच्याशी बोलणंच शक्य नसतं, त्यांच्या अंगात आलेलं असतं. हे लिहिणाऱ्याला भूत म्हणजे काय ते कळलेलं आहे.

पोलंडच्या 'द विचर ३' मध्ये (२०१५) अगदी सुरुवातीलाच एक विहीर आहे, आणि तिच्यापाशी भर दुपारी एक बाई दिसते. पोलिश लोकांमध्ये अशी दुपारची बाई मानतात, कापणीच्या दिवसांत ऐन उन्हात शेतात राबणाऱ्याला ती धरते. ऊन लागून माणसं मरत, त्याचीच ती गोष्ट झाली असणार. आमच्या लहानपणी बाराच्या ठोक्याला विहिरीकडे नि पिंपळाकडे जायचं नाही, हा कायदा होता. पोलंडच्या आयांनी आणि आमच्या आयांनी एकमेकींची कॉपी केलेली नाही. ऊन सारखं, विहीर सारखी आणि पोरं सारखी. कॉपी कशाला म्हणायचं आणि सारखेपणा कशाला, याचं याहून चांगलं उदाहरण मला मिळालं नसतं. तर त्या गेममध्ये ती बाई नुसत्या तलवारीने जात नाही. ती कोण होती, कशी मेली ते शोधावं लागतं, विहिरीत उतरून तिचा दागिना वर आणावा लागतो, तिच्या अवशेषांबरोबर तो जाळावा लागतो. म्हणजे तिचं जे राहिलं होतं ते करावं लागतं. मगच ती सुटते.

'स्कायरिम'मध्ये (२०११) डोंगरमाथ्यावर पार्थुर्नाक्स नावाचा म्हातारा ड्रॅगन आहे. पूर्वी त्याने माणसांवर अत्याचार केले, आता तो तिथे बसून चिंतन करतो आणि तुम्हाला विद्याही शिकवतो. पुढे तुमच्याच बाजूचे लोक येऊन म्हणतात, जुना हिशेब आहे, याला मार. मारायचं की नाही ते खेळणाऱ्याने ठरवायचं. वाल्या कोळ्याला वाल्मीकी झाल्यावर जुन्या खुनांसाठी फाशी द्यावी का, असा प्रश्न मी नववीच्या वर्गात निबंधाला दिला असता, तर हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं असतं. इथे पंधरा-सोळा वर्षांची पोरं तो रात्रभर जागून सोडवतात.

आता आपल्याकडचं. २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम आला, तो पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा. असुरांनी पळवलेल्या लहान भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी. गोष्ट सांगायला विष्णू आणि दुर्गा, राजस्थानी वाड्यांसारखे महाल, मधली कथा छायाबाहुल्यांमधून उलगडते, भिंतींवर पुराणातले प्रसंग. बघताना ऊर भरून आला हे लपवत नाही. इथे कोणी नाव चोरलेलं नव्हतं, शिव शिवासारखा होता. पण लढाई सुरू झाली आणि मी हळूच खुर्चीत मागे टेकले. चौकात उभं राहायचं, चारी बाजूंनी राक्षस येणार, ते संपले की दार उघडणार. हे राक्षस कोण, त्यांचं म्हणणं काय, त्यांच्याशी काय ठरलं होतं? काही नाही. भाल्याने भोसकायला समोर आलेली गाठोडी. म्हणजे परक्यांनी आपला राक्षस नेला आणि त्याची अट टाकून दिली, हे एक वेळ ठीक. आपण स्वतःच्या हाताने घडवतानाही तक्ता तिकडचाच वापरला, याचं मला जास्त वाईट वाटलं. पोरांनी फार मेहनत घेतली आहे आणि पहिल्याच फटक्याला सगळं मागणं बरं नव्हे, हेही खरं. पण दुसऱ्या फटक्याला मी मागणार.

मागायला हाताशी पुष्कळ आहे. मुंजाच घ्या. मुंज झाली, पण लग्न व्हायच्या आधी गेला, म्हणून पिंपळावर अडकला. २०२४ मध्ये 'मुंज्या' नावाचा हिंदी सिनेमा आला, कोकणातलाच. त्यातल्या भुताचा चेहरा कॉम्प्युटरवर केलेला, मला तो फारसा आवडला नाही, पण सिनेमावाल्यांनी त्याचं मागणं मात्र सोडलं नव्हतं. त्याला लग्नच हवं होतं, शेवटपर्यंत. या मुंजाला गेममध्ये आणताना त्याला शेंडी किती लांब ठेवायची आणि डोळे लाल करायचे की पिवळे, हे चित्रकार बघून घेतील. मला त्यांच्या शेजारी खुर्ची टाकायला मिळाली तर मी दोनच गोष्टी विचारीन. त्याच्या पिंपळाखालून जाताना खेळणाऱ्याने काय करायचं ठरलेलं आहे? आणि ते न करता तो पुढे गेला, तर मुंजा त्याच्याकडे काय मागणार?